संघर्ष थोडा वाढवा

मराठी मुलखात दिवाळी आषाढात सुरू होते. दिंड्या पंढरपुराला पोचलेल्या असतात, रंकाळ्याच्या कठड्यावर पाऊस आडवा येत असतो, पंचगंगेला फूग किती आली याची गावभर चर्चा असते, आणि अशा वेळी संपादकांचा फोन येतो, "दिवाळीला काय देताय?" १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि चकलीबरोबर वाचायलाही काहीतरी लागतं, अशी सवय मराठी घरांना लावली. उपकारच त्यांचे. पण त्या एकाचे पुढे शेकडो झाले. अंक म्हटल्यावर पानं आली, जाहिरातींच्या मध्ये मध्ये मजकूर घालायची रीत पडली, आणि तो मजकूर पुरवणाऱ्यांत कोल्हापूर-सांगली हा टापू माझ्याकडे आला.

"आपण काय करता?" असं कुणी विचारलं की मी "मुक्त लेखक" म्हणून सांगतो. आमच्याकडे हे सांगायला छाती लागते. "म्हंजे सध्या घरीच व्हय?" असं म्हणून समोरचा हळहळतो. बँकेत कर्जाच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात मी हेच लिहिलं, तर साहेबांनी 'मुक्त'खाली पेन्सिलीनं एक रेघ मारली, 'लेखक'खाली दुसरी मारली आणि जामीनदाराचा पगार विचारला.

माझ्या वाट्याला येतात ते स्थानिक कलावंत. ज्यांचं तोंड एसटी स्टँडवरच्या स्टॉलवाल्यालाही ओळखू येतं, ते कलावंत मुंबई-पुण्याचे लेखक करतात. आमच्याकडे सदराचं नाव 'आपल्या मातीतले' असं असतं. मातीतला कलावंत म्हणजे जो आपला फोन आपणच उचलतो तो.

कोल्हापुरात मात्र माल कमी पडत नाही. चित्रकार आबालाल रहिमान इथले. धुरंधरांचा जन्म इथला. बाबूराव मेस्त्रींनी नात्यातल्या आनंदरावांच्या जोडीनं नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा बनवायची खटपट मांडली. आनंदराव मध्येच गेले, तरी बाबूरावांनी ती तडीला नेली आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. मेस्त्रींचे ते बाबूराव पेंटर झाले. त्या दिवसापासून आमच्या गावात ब्रश धरणाऱ्याला दुसरं आडनाव लागत नाही. नंबरप्लेटी रंगवणारा पेंटर, तालमीच्या भिंतीवर मारुती काढणारा पेंटर आणि जे.जे.मधून शिकून आलेलाही पेंटरच. गल्लीत शिरून "पेंटरांचं घर कुठलं?" असं विचारलं की चावडीवर बसलेलं पोरगं उलट विचारतं, "कुठलं पेंटर? गाड्यांचं, गणपतीचं का कुणाला कळत न्हाईत तसली चित्रं काढत्यात ते?"

वेळ ठरवायला फोन केला की पहिला प्रश्न कलावंताचा असतो. "किती द्यावं लागंल?" त्याचं काही चुकत नाही. मधल्या काळात पुरवण्यांमधून यशोगाथा इतक्या छापून आल्या आणि त्यांचे दर इतके उघड झाले, की मुलाखत म्हणजे अर्धं पान की पाव पान एवढाच विषय उरलाय. मी म्हणतो, "काही द्यायचं नाही, काका." तर पलीकडे शांतता पसरते. पैसे मागणाऱ्याचा हेतू निदान समजतो. फुकट कौतुक करायला निघालेल्या माणसाच्या मागं नक्की कुठला पक्ष आहे, हे लोकांना आधी कळायला हवं असतं. एका काकांनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि नगरसेवकाला विचारून होकार कळवला.

संपादकांना तीन गोष्टी लागतात. प्रेरणा, संघर्ष आणि तरुणांना संदेश. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची सोय जागेवरच होते. प्रेरणा म्हणून आई असते. तरुणांना संदेश म्हणजे मोबाइल बाजूला ठेवा. हे सांगत असताना कलावंताचा स्वतःचा मोबाइल दोनदा वाजतो आणि तो दोन्ही वेळा उचलतो. खरी अडचण संघर्षाची.

आमचे एक जलरंगवाले चित्रकार आहेत. हात असा, की पंचगंगेच्या घाटावरची दीपमाळ चार फटकाऱ्यांत उभी राहते आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब पाचव्या फटकाऱ्यात. पण घराणं सराफांचं. पोराला चित्रकलेचा नाद आहे म्हटल्यावर वडिलांनी मुंबईहून रंगांची पेटी मागवली. आई डबा बांधून द्यायची. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी मारलं नाही. कला महाविद्यालयात पहिल्या यादीत नाव लागलं. लग्न झालं ते चित्रकाराशीच करायचंय असा हट्ट धरून बसलेल्या मुलीशी. मी लेख लिहून पाठवला. संपादकांचा फोन आला, "चांगलाय, पण संघर्ष थोडा वाढवा."

मी चित्रकारांना कळवलं. सज्जन माणूस, मनाला लावून घेतलं. "तसं काय झालेलंच न्हाई हो," म्हणाले, "पण बघतो." दोन दिवस त्यांनी आपलं आयुष्य धुंडाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आनंदानं फोन केला. "सापडलं! पन्हाळ्यावर लँडस्केपला बसलोवतो, तर माकडानं ब्रश पळवला. सेबलचा व्हता. महाग." मी ते जसंच्या तसं कळवलं. अंक आला तेव्हा लेखाचं शीर्षक होतं, 'नियतीने ब्रश हिरावला, जिद्द नाही!' त्यांच्या आईनं ते वाचून विचारलं म्हणे, "कुठली नियती रे? तुझ्या वर्गातली?"

या धंद्यात एक गोष्ट मला पुरती पटलीय. कलावंताला कलेबद्दल विचारू नये. सामानाबद्दल विचारावं. "आपल्या कलेमागची भूमिका काय?" म्हटलं की चांगला बोलका माणूस ताठ बसतो, शर्टचं वरचं बटण लावतो आणि "कला ही एक साधना आहे" इथून सुरुवात करतो. पुढचं वाक्य त्याला येत नसतं आणि मलाही नको असतं. त्याऐवजी "कागद कुठला वापरता?" एवढं म्हणावं. आमच्या जलरंगवाल्यांनी भूमिका दीड मिनिटात संपवली होती. कागदावर ते चहा गार होईपर्यंत बोलले. तीनशे जीएसएमचा परदेशी कागद केवढ्याला झालाय, एक ताव हातात घेतल्यावर आधी त्याच्या किमतीनंच हात थरथरतो, पावसाळ्यात आकाशाचा वॉश वाळतच नाही आणि म्हणून जुलैतल्या चित्रांत ढग आपोआप जास्त येतात, हे सगळं त्यात आलं. समीक्षकांनी त्या ढगांना 'अंतर्मुखतेचा काळ' असं म्हटलेलं आहे.

गाण्या-बजावण्याच्या मंडळींची तऱ्हा जरा निराळी. त्यांच्याकडे सामानाइतकाच रियाजही मोजायला लागतो. एका तबलजींनी मला उमेदीच्या काळात रोज अठरा तास रियाज करत होतो असं सांगितलं. मी लिहून घेतलं. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "अठरा? मग म्हशीचं कोण बघत व्हतं?" पंडितजी म्हणाले, "सोळा लिहा." भांडं आपटल्याचा आवाज आला. "बरं, बारा." वहिनी कांदेपोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "भाऊजी, मी लगीन होऊन आलो तवापासनं सांगतो, दुपारी दोन ते पाच हे घोरत्यात. त्येवढं वजा करून काय बसतंय ते लिवा." मासिकांच्या कचेरीत तथ्यं तपासायला माणूस ठेवत नाहीत अशी ओरड असते. ठेवायची गरजच काय? तो माणूस प्रत्येक कलावंताच्या स्वयंपाकघरात अगोदरच नेमलेला असतो.

मूर्तिकारांचं दुखणं म्हणजे तारखांचं. अंकाची पानं लागायची वेळ आणि गणपतीची घाई एकाच वेळी येते. कुंभार गल्लीत श्रावणात मुलाखत घ्यायची तर मूर्तींच्या रांगांमधून आडवं होऊन आत जावं लागतं. मूर्तिकार डोळ्यांची आखणी करत असतो. आखणी चालू असताना तो श्वास घेत नाही, उत्तर कुठून देणार? एक डोळा झाला की एक वाक्य मिळतं. दोन डोळ्यांच्या मध्ये शाडूचा भाव, गाडीभाडं, पीओपीचं यंदा कोर्टात काय चाललंय आणि कुठल्या मंडळानं गेल्या साली बाकी बुडवली, एवढं कळतं. प्रेरणा विचारायची हिंमत होत नाही. समोर ती साडेतीनशे नगांत ओळीनं उभी असते आणि सगळ्यांचे डोळे व्हायचे असतात.

पण ज्याला खरी तपश्चर्या म्हणतात ती पुतळेवाल्या शिल्पकाराची. मी गेलो तेव्हा त्यांच्या शेडमध्ये एका दिवंगत सहकारमहर्षींचा नऊ फुटी मातीचा पुतळा उभा होता. पुतळा बसवायचा तर आधी मातीचं मॉडेल करायचं, ते कला संचालनालयाकडून मान्य करून घ्यायचं आणि मग पुढचं ओतकाम. पण त्याच्याही अगोदर समिती येते. मी असतानाच आली. पांढऱ्या गाड्यांतून पांढरे कपडे उतरले. अध्यक्षांनी पुतळ्याला नमस्कार केला, दोन पावलं मागं गेले आणि म्हणाले, "साहेबांचं नाक एवढं नव्हतं."

"होतं," उपाध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही साहेबांकडं उशिरा आलात. आधी त्या गटात होता तुम्ही. मी बत्तीस वर्षं बघितलंय नाक."

मग पोटाकडं मोर्चा वळला. पोट फोटोपेक्षा कमी घेतलंय असा एका संचालकांचा आक्षेप होता. पोट हेच साहेबांचं वैभव होतं, त्यात काटछाट चालणार नाही. टोपी डावीकडं की उजवीकडं, यावर मतदान घ्यायची वेळ आली. खिशाला पेन एक की दोन? साहेब सही एकाच पेनानं करायचे, पण शाईचं दुसरं पेन विरोधी अर्जासाठी ठेवायचे असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. शिल्पकार हातातली कोरणी कापडाला पुसत उभे होते. एवढ्यात साहेबांच्या पत्नी आल्या. सगळे बाजूला झाले. बाईंनी पदर सारखा केला आणि पुतळ्याच्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघितलं. शिल्पकारांनी ओठांच्या कडेला एक बारीक हसू ठेवलं होतं, त्यावर त्यांची नजर थांबली.

"हे असं हसायचे?" त्या म्हणाल्या. "कुठं? घरात तरी न्हाई बघितलं."

हसू काढून टाकायचं असा ठराव जागच्या जागी मंजूर झाला.

गाड्या गेल्यावर शिल्पकार माझ्यासमोर खुर्चीत बसले. "हे काही छापू नका," म्हणाले, "दुसरा हप्ता यायचाय." मी वही मिटली आणि माती कुठली वापरता ते विचारलं. मग त्यांचा चेहरा उजळला. आतला लोखंडी सांगाडा वजन कसा पेलतो, माती सुकली की खांद्यापासून भेगा पडतात आणि त्या आधी कानाजवळ कशा दिसायला लागतात, ओली कापडं गुंडाळून वरून प्लास्टिक कसं बांधायचं, हे त्यांनी उठून करूनच दाखवलं. समितीचं नाकावर एकमत होण्याची वाट बघण्यात आठ महिने गेले होते. "आठ महिनं," ते म्हणाले, "म्हशीला पाजल्यागत रोज सकाळ-संध्याकाळ साहेबांना पाणी पाजलंय. गावाला जायचं झालं तर शेजाऱ्याला सांगून जायला लागतंय, साहेबांना तेवढं पाणी घाला म्हणून." लेखात यातलं काही नाही. लेखात 'साहेबांच्या आठवणींनी समितीचे सदस्यही गहिवरले' असं आहे. दुसरा हप्ता मिळाला.

मिरजेला मात्र मी कधीही जायला तयार असतो, मानधन नसलं तरी. आणि नसतंच. सतारमेकर गल्लीत शिरलं की वर बघून चालावं लागतं, कारण आढ्याला भोपळे टांगलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून ते येतात आणि महिनोन्‌महिने वाळत राहतात. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारं करणारे. दीडशेहून अधिक वर्षांमागं तलवारींचं गिऱ्हाईक आटलं आणि हे लोक तंबोऱ्याकडं वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते प्रमाणपत्र कुठं लावलंय म्हणून मी एका दुकानात विचारलं, तर चाचांनी भोपळ्यांच्या मागं बोट दाखवलं. मी आणखी एक विचारलं, याची भाजी होते का? "कडू असतो," चाचा म्हणाले, "जनावर तोंड लावत नाही. म्हणून तर गाण्याला येतो."

चाचा जवारी लावत बसले होते. तंबोरा आडवा, घोडीवरून तारा बाजूला सारलेल्या. कानशीचा एक हलका हात घोडीच्या पाठीवरून फिरला, बोटानं पूड पुसली, तार परत वर घेतली, छेडली. मला ती बरी वाटली. चाचांनी मान हलवली, तार काढली, पुन्हा एक हात. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मध्येच त्यांनी शेजारच्या दुकानदाराशी पाणी किती वाजता येणार यावर बोलून घेतलं, पण कान इकडंच. शेवटी सुताचा एक दोरा तार आणि घोडी यांच्या मध्ये सरकवला, नखानं केसभर मागं घेतला, आणि मघाशी ठणठण करणारी ती तार एकदम भरून वाजायला लागली. खोलीतले भोपळेही ऐकायला लागले असावेत असं मला वाटलं.

"झालं, हे कसं कळतं?" मी विचारलं.

"कळतं," चाचा म्हणाले.

संपादकांना पंधराशे शब्द हवे होते. हा एकच होता. मग मी नेहमीच्या वाटेनं गेलो. कानस केवढ्याला मिळते? आणि चाचा सुटले. पूर्वीची कानस आता मिळत नाही, नव्या कानशीचे दात लगेच बसतात, लाकडाचं बघायला नको, पोरं शिकायला येतात आणि हाताला फोड आला की नोकरी बघतात. मोबाइलमधल्या तंबोऱ्याबद्दल मी भीत भीत विचारलं.

"चांगला आहे की," ते म्हणाले. "सुरात असतो, फुकट असतो, रिक्षात मावतो. पण मोबाइलवर गाणारेसुद्धा मैफलीला तंबोरे मागवतात. मागं दोन उभे लागतात. फोटोला."

"मग त्यांना जवारी लावून देता?"

चाचांनी माझ्याकडं जरा रागानंच बघितलं. "लावायला लागते. कुणी सांगावं, चुकून वाजवला तर?"

हे वाक्य मी शीर्षकासाठी सुचवलं होतं. 'सुरांचे साधक' असं शीर्षक छापून आलं.

लेख लिहून झाला की तो कलावंताला दाखवायचा नाही, असा पत्रकारितेतला नियम आहे. कोल्हापुरात तो पाळता येत नाही, कारण कलावंत घरी येतो. पिशवीत पेढे, हातात लाल पेन. तपशील तो दुरुस्त करत नाही, माणसं वाढवतो. "गुरुजींचं नाव आलंय, पण त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचं राहिलंय. त्यांचं घेतलं तर धाकट्याचंबी घ्या." मग मेहुणे येतात, फोटोग्राफर येतो, हॉल फुकट दिला ते मंगल कार्यालयाचे मालक येतात. पुरस्कारांची यादी वेगळ्या कागदावर असते आणि तिच्यात ज्यांनी पुरस्कार दिले त्यांची नावं पुरस्कारांहून मोठ्या अक्षरात असतात. दीड हजार शब्दांच्या लेखात चौतीस माणसांचे आभार मानून झाल्यावर कलावंताला स्वतःला वाक्यं उरतात तीन-चार, आणि तरीही तो खूश असतो. ज्यांच्यात राहायचंय ते सगळे आले म्हणजे झालं.

शहाण्या कलावंतांनी आमच्यासारख्यांची वाट बघितलीच नाही. धुरंधरांनी जे.जे.मधल्या सगळ्या कारकिर्दीवर 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक स्वतःच लिहिलं. दीनानाथ दलालांनी तर १९४५ साली स्वतःचा 'दीपावली'च काढला. मुखपृष्ठ आपलं, अंकही आपला, संघर्ष किती घालायचा तेही आपल्या हातात. प्रत्येकानं असं करायचं ठरवलं असतं तर मी काय खाल्लं असतं, हा प्रश्न विचारायला ठीक आहे. पण आत्ता काय खातो, त्याचाही हिशोब फार लांबत नाही.

मानधनाचं असं असतं, की ते अंक विकल्यावर मिळतं, आणि अंक विकला गेला की नाही हे संपादकांना पुढच्या आषाढापर्यंत कळत नाही. मी आठवण केली की "अहो, कागद काय महागलाय!" असं ते मलाच सांगतात, आणि मी सामानाबद्दल विचारू नये ही काळजी घेतो, नाहीतर तेही सुटायचे. एका संपादकांनी मानधनाऐवजी अंकाच्या वीस प्रती पाठवल्या आणि विकून पैसे ठेवून घ्या म्हणून सांगितलं. व्यावसायिक शुल्कावर एका ठिकाणाहून वर्षाला तीस हजारांच्या वर रक्कम गेली की टीडीएस कापायचे. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा पन्नास हजार झाली. सरकारनं दिलासा दिला म्हणून सगळीकडं छापून आलं. मला दोन्ही मर्यादा सारख्याच लांब आहेत. आयुष्यात एकदा तरी कुणी माझा टीडीएस कापावा, अशी माझी फार इच्छा आहे.

यंदा भुदरगडकडच्या एका गावात शाहिरांना भेटायला गेलो. वय सत्तरीच्या पुढं, आवाज अजून असा की पोवाड्याची पहिली हाळी दिली तर गोठ्यातली जनावरं उठून उभी राहतात. खुंटीला डफ, त्याच्या शेजारी तुणतुणं, त्याच्या शेजारी नातवाचं दप्तर. मी आपला डफाच्या कातड्यापासून सुरुवात केली, तर शाहिरांनी हात वर करून मला थांबवलं. "ते मागनं बोलू. आधी सांगा, कुठल्या तारखेला छापून येणार? वर अंकाचं नाव आन्‌ तारीख दिसंल न्हवं?"

ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना सरकारचं मानधन असतं. योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, महिन्याला पाच हजार मिळतात, वयाची पन्नास वर्षं आणि कलेच्या क्षेत्रातली पंधरा वर्षं पुरी लागतात, आणि ती पंधरा वर्षं कागदावर दाखवावी लागतात. शाहिरांनी फाईल काढली. ग्रामपंचायतीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, यात्रा कमिट्यांची पत्रं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळं पडलेलं कात्रण. एका मंत्रिमहोदयांच्या सत्काराचा फोटो होता. मंत्री, हार, हार घालणारे, हार घालणाऱ्यांच्या मागचे. अगदी उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर आणि डफाची अर्धी कड.

"ह्यो मी," शाहीर कोपरावर बोट ठेवून म्हणाले. "चार तास पोवाडा गायलोवतो त्या दिवशी. फॉर्म भरून देणारं पोरगं म्हणतंय, आजोबा, कोपर चालायचं न्हाई, तोंड पायजे."

मी म्हटलं, आपण तोंडाचाच फोटो घेऊ, चांगला मोठा. पुढचा तासभर शाहीर बोलले. तिकिटावरचे आणि बिनतिकिटाचे कार्यक्रम, झिलकरी दारू पिऊन पडला तेव्हा बायकोनं मागं उभं राहून धरलेला सूर, निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांसाठी एकाच चालीत गायलेले पोवाडे, डफाचं कातडं पावसात उतरू नये म्हणून चुलीजवळ ठेवलं आणि ते भाजलं. संपादकांना हवा तेवढा संघर्ष होता, वाढवायचं काम नव्हतं. मी झरझर लिहीत होतो. शाहीर मध्येच थांबले आणि माझ्या वहीकडं बघत म्हणाले, "ह्ये तुमी किती वर्षं करतायसा?"

"वीसेक वर्षं झाली असतील."

"आन्‌ वय?"

"शेहेचाळीस."

त्यांनी बोटांवर हिशोब केला. "येवजना साहित्यिकाला बी हाय. चार वर्षं हायती तुमास्नी. कात्रणं ठेवलायसा का न्हाई?"

म्हटलं, दिवाळी अंक आहेत घरात, कपाटभर.

"दिवाळी अंक?" शाहिरांनी चुकचुकत मान हलवली. "त्येच्यावर तारीख नसतीया, नुसतं साल असतंय. पोरगं म्हणतंय ते चालत न्हाई. तुमी असं करा, मधनं-मधनं पेपरात बी लिवा. काय बी लिवा. आन्‌ आल्या-आल्या दोन झेरॉक्स मारून ठेवा, वरची तारीख घेऊन."

मग त्यांनी नातवाला हाक मारली आणि माझ्यासाठी एक रिकामी फाईल आणायला दुकानात पाठवलं.